दोन तास रिकामी राहिलेली वाट

परवा सकाळी रस्त्याच्या रुंदीकरणात जव्हार-मोखाडा मार्गावरची आमची फायबर पुन्हा तुटली, आणि मोखाड्यात कुणाला ते कळलंसुद्धा नाही. माझ्यासमोरच्या स्क्रीनवर एक हिरवी रेघ लाल झाली, तिच्याखालची दुसरी झपकन वर चढली, एवढंच. जे काही जव्हारकडून जात होतं ते सगळं आपोआप त्र्यंबकच्या बाजूनं वळून मोखाड्यात पोचलं. रेशनच्या दुकानात अंगठे लागत राहिले, बँकेत पासबुकं छापली जात राहिली, कुणाच्या घरचा सिनेमा क्षणभरही अडला नसेल. मी भोयेकाकांना फोन करून तुटल्याची जागा सांगितली. ते म्हणाले, "निंगतोच. घाई हाय कं?"

"नाही काका. सावकाश जा."

हे शब्द माझ्या तोंडून निघाले आणि मी खुर्चीत मागे टेकून बसले. सावकाश जा, असं म्हणायची सोय आम्हाला फार उशिरा मिळाली. एके काळी जव्हार आणि मोखाड्यामध्ये फायबरची एकच काच होती. केसाएवढी जाड, पोटात दिवा घेऊन धावणारी. ती तुटली की मोखाडा तालुका जगापासून तुटायचा.

आमचा जव्हारचा हा नेटवर्क कक्ष दुसऱ्या मजल्यावर आहे. खिडकीतून पलीकडचा डोंगरउतार दिसतो. या दिवसांत तिथं खुरासणी फुललेली असते, सगळा उतार पिवळा. खालच्या खाचरांतून हळव्या भाताची कापणी चाललेली. दुपारी खिडकी उघडली की कापलेल्या पेंढ्याचा कोमट गोडसर वास आत येतो आणि यंत्रांच्या गार, कोरड्या हवेत मिसळतो. इतकी वर्षं या खोलीत बसते आहे, तरी या दोन वासांची मला सवय झालेली नाही. एक माझ्या गावाचा, साखरशेतचा, दुसरा माझ्या पगाराचा.

बाकीच्यांसाठी हा सुगीचा काळ. आमच्या कामात याला खोदाईचा हंगाम म्हणतात. पाऊस उघडला की रस्त्यांची रखडलेली कामं सुरू होतात, आणि खोदणाऱ्या यंत्राला खाली काय पुरलं आहे ते दिसत नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत भोयेकाकांची पिशवी कायम दाराशी भरलेली असते.

भोयेकाका मूळचे सूर्यमाळचे. ही फायबर पहिल्यांदा टाकली तेव्हा चर खणायला ते मजूर म्हणून आले होते. जोडणी करणाऱ्या माणसाच्या शेजारी उकिडवे बसून त्यांनी महिनाभर नुसतं पाहिलं आणि एक दिवस "मना द्या बघू" म्हणाले. तेव्हापासून जव्हार-मोखाड्यातली बहुतेक काच त्यांच्याच हातची. तुटलेली दोन टोकं स्पिरिटनं पुसायची, छोट्या यंत्रात समोरासमोर ठेवायची, एक ठिणगी, आणि काच काचेला वितळून मिळते. त्यांच्या बोटांना कायम त्या स्पिरिटचा वास. ते म्हणतात, "घाईत जोडाय जाशील तं दोन येळा जोडाय लागल."

माझं काम वेगळं. काका काच जोडतात, आणि त्या काचेतून कुणी आधी जायचं, कुणी मागून, कुणी किती जागा घ्यायची हे मी बघते. एरवी बघण्यासारखं फार काही नसतं, सगळ्यांना पुरून उरेल एवढी जागा असते. स्क्रीनवरच्या रेघांवरून मात्र दिवस कळतो. सकाळी दहाला रेशनची दुकानं उघडली की बारीक बारीक टोकं उठतात. दुपारी शाळांतल्या जेवणाचे आकडे भरायची वेळ झाली की एक लहान उंचवटा. संध्याकाळी मोठी चढण, व्हिडिओची. वाघबारशीच्या सणाला पाड्यापाड्यांवर रेघा झोपतात. आणि दिवाळी सरून माणसं वीटभट्टीवर गेली की काही पाड्यांच्या रेघा वैशाखापर्यंत वर येतच नाहीत. कोण गाव सोडून गेलं हे मला सरपंचाच्या आधी कळतं.

तर मला सांगायची आहे ती गोष्ट त्या एकाच काचेच्या काळातली. करोनानंतर शाळा-कॉलेजं पुन्हा नीट सुरू झाली होती, फॉर्म मात्र कायमचे ऑनलाइन झाले होते. मला नोकरीला लागून दुसरंच वर्ष. आमच्या घरातली पहिली पगाराची नोकरी माझी. माझी धाकटी बहीण सुमन, म्हणजे सुमी, बारावी झाली होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं. तिला दुसरं काहीच नको होतं. लहानपणी आमच्या गावी सुया टोचायला येणाऱ्या सिस्टरबाईंच्या मागे ती त्यांची पेटी धरून हिंडायची.

फॉर्मचा शेवटचा दिवस होता. मुदत संध्याकाळी पाचपर्यंत. सुमीचं शिक्षण मोखाड्याच्या वसतिगृहात राहून झालं होतं आणि एक दाखला तिथल्या शाळेतून मिळायचा राहिला होता. तो हातात पडला की तिथल्याच ऑनलाइन केंद्रात फॉर्म भरून ती घरी येणार होती. सकाळी मी जव्हारला कामावर निघाले तेव्हा ती आरशासमोर वेणी घालत होती. आई म्हणाली, "भाकर खाऊन जा." ती म्हणाली, "आल्यावर खाईन."

अकराच्या सुमारास रेघ लाल झाली. घाटातल्या एका वळणावर खोदणाऱ्या यंत्रानं केबल मुळासकट उपटली होती. भोयेकाका निघाले, पण एवढं तुटलेलं जोडायला संध्याकाळ होणार हे त्यांनी जाग्यावर पोचताच कळवलं. तोवर मोखाड्यासाठी उरलं काय, तर टॉवरवरून टॉवरवर जाणारी एक जुनी बिनतारी लाइन. हमरस्ता बंद पडावा आणि सगळी वाहतूक शेताच्या बांधावरून सोडावी तसं. मोबाइलचे टॉवरही त्याच लाइनवर आले. सगळा तालुका त्या बांधावर एकदम चढला आणि कुणीच पुढे सरकेना.

अर्ध्या तासात मोखाड्याच्या दवाखान्यातून डॉक्टर मॅडमचा फोन आला. त्यांचा आवाज तुटत होता, पण शब्द मला आजही पाठ आहेत. "सूर्यमाळकडचं कालचं बाळ आहे. कमी वजनाचं. श्वास नीट घेत नाहीये. नाशिकचे बालरोगतज्ज्ञ व्हिडिओवर बघून सांगत होते, चित्र गोठलंय. रस्त्यात हलवता येण्याइतकं ते अजून सावरलेलं नाही. तुम्ही काही करू शकता का?"

माझे वरिष्ठ त्या दिवशी ठाण्याला गेले होते. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "दवाखान्याला वाट काढून दे. तुला येतं ते." मला येत होतं. मी त्या बारीक लाइनमधला एक भाग कापून दवाखान्यासाठी राखून ठेवला, असा की दुसऱ्या कुणालाही त्यात पाऊल टाकता येणार नाही. बाकी सगळा तालुका उरलेल्या जागेत. त्यात मी काही निवड केली नाही. सिनेमा बघणारा, बँक, केंद्र, सगळे एकाच रांगेत.

पाच मिनिटांत मॅडमचा निरोप आला, चित्र हलतंय. मी दवाखान्याच्या त्या एका रेघेवर नजर लावून बसले. ती सरळ चालत होती. ती तशी चालते आहे तोवर कुणीतरी बाळाकडे बघतं आहे, एवढंच मला कळत होतं.

एक वाजायच्या सुमारास माझा मोबाइल वाजला. सुमी. तो फोन कसा लागला तेच नवल.

"ताई, केंद्रात नुसता गोल फिरतंय. फोटो जात नाय, दाखला जात नाय. काय करू?"

"लाइन तुटलीय. काका गेलेत जोडायला. तू थांब तिथंच, होईल."

"नक्की होईल ना?"

"होईल गं. थांब."

फोन कट झाला. मी पुन्हा रेघेकडे बघू लागले.

तीनला मॅडमचा फोन आला. बाळ बऱ्यापैकी स्थिर झालं होतं, नाशिकहून रुग्णवाहिका आली होती आणि ती आता बाळाला घेऊन निघत होती. "व्हिडिओ बंद केलाय आम्ही," त्या म्हणाल्या. "तुमचे उपकार झाले." मी खुर्चीतून उठले. खाली टपरीवर गेले, चहा घेतला, दुसरा घेतला. चहावाल्या मावशींनी विचारलं, "आज हसतंस काय एकली?" मी म्हटलं, "काही नाही मावशी, काम झालं." वर येऊन डबा उघडला. आईनं दिलेली नागलीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी. त्या दिवशीसारखी गोड भाकरी मला नंतर कधी लागली नाही, आणि त्या चवीची लाजही नंतर कधी गेली नाही.

काकांनी काच जोडली तेव्हा पावणेसहा झाले होते.

मी घरी पोचले तेव्हा सुमी पायरीवर बसली होती, वेणी सुटलेली. आईनं सकाळची भाकरी टोपलीखाली झाकून ठेवली होती ती तशीच. बाबा नांगराचं काहीतरी उगाच ठोकत होते.

"नाय झाला ताई," ती म्हणाली. "पाचला बंद झाला."

मी तिला बाळाची गोष्ट सांगितली. तिनं ऐकून घेतली. "तुला कसा कळणार," असं म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, खरंच आहे. त्या दिवशी जागाच नव्हती. माझ्या हातात काय होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाचा अहवाल लिहायला मी स्क्रीनवर मागच्या रेघा काढल्या. दवाखान्याची रेघ तीनपर्यंत सरळ होती. तीनला खाली आली. आणि तिथून पावणेसहापर्यंत, मी राखून ठेवलेल्या त्या वाटेवर काहीही नव्हतं. रिकामी. तिच्याशेजारी बाकीच्या तालुक्याची रांग कोंडून छताला टेकलेली. काम झाल्यावर ती वाट उघडायला हवी होती. एक ओळ लिहून एक कळ दाबायची. मी चहा पीत होते. सुमीचा फोटो, दाखला आणि फॉर्म मिळून कितीसं ओझं? त्या वाटेवरून अशा फॉर्मांची सगळी रांग पाचच्या आत निघून गेली असती.

अहवालात मी लिहिलं, "दवाखान्याला प्राधान्य देण्यात आले. सेवा सायंकाळी पूर्ववत." यातलं काहीच खोटं नव्हतं.

एक वर्ष म्हणजे काय मोठंसं, असं शहरातले लोक म्हणतात. आमच्याकडे बारावी झालेली मुलगी वर्षभर घरी बसली की ती शिकणारी मुलगी राहत नाही, लग्नाची होते. सुमीच्या दोन मैत्रिणी नर्सिंगला गेल्या. सुमी आईबरोबर भात झोडायला लागली. होळीच्या आधी विक्रमगडकडचं एक स्थळ आलं. मुलगा मास्तर, घर चांगलं. आईचं मन झालं. बाबा म्हणाले, "तिला इचार." सुमी चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "एक वरीस द्या," म्हणाली. "पुढल्या सालीं नाय झाला तं तुमी म्हणाल तसा." ते लोक थांबले नाहीत. आई बरेच दिवस तिच्याशी नीट बोलली नाही, आणि मी त्या दोघींच्या मधे पाटावर बसून जेवत राहिले.

त्या काळात मी हे एकट्या भोयेकाकांना सांगितलं. आम्ही घाटात एका जोडणीवर होतो, मी तपासायला गेले होते. काका काच पुसत होते. सगळं ऐकल्यावर त्यांनी काच आधी यंत्रात नीट ठेवली, ठिणगी पडू दिली, मग बोलले.

"आमच्या सूर्यमाळला चैतात टँकर येतो, बघलास ना? बायका हंडे लावून बसत. कुणाचे चार, कुणाचे धा. पण येकादी म्हातारी येकच कळशी घेऊन आली तं तिला कुणी मागं उभी नाय करीत. तिची कळशी कितीशी? भरली का चालली. धा हंडेवाली थोडी थांबली तं तिचा काय जातं? आन् जिला पाणी भरून झाला ती नळी धरून उभी नाय रेहत."

त्यांना आमच्या कामातलं सॉफ्टवेअर माहीत नव्हतं. पण मी डिप्लोमाला जे धडे परीक्षेपुरते पाठ केले होते तेच ते सांगत होते. लहान ओझं मोठ्याच्या मागे कोंडू नये. राखून ठेवलेली जागा वापरात नसेल तेव्हा दुसऱ्याला वापरू द्यावी. आणि राखलेल्या प्रत्येक वाटेला शेवट असावा. मी महिनाभर बसून लाइनचे नियम नव्यानं लिहिले. दवाखाना सगळ्यांच्या आधी, पण त्याचं काम थांबलं की त्याची जागा त्याच क्षणी मोकळी. फॉर्म, अंगठे, दाखले, बारीकसारीक सगळं दुसऱ्या रांगेत. सिनेमे शेवटी. वरिष्ठांनी वाचून विचारलं, "हे एकदम कसं सुचलं?" मी म्हटलं, "खोदाईचा हंगाम येईल म्हणून."

त्र्यंबकच्या बाजूची दुसरी फायबर त्यानंतर बऱ्याच काळानं आली. तोवर काच कितीदा तरी तुटली, आणि त्या बांधावरून सगळे हळूहळू, पण पार होत राहिले.

बाळ जगलं. महिन्याभरानं डॉक्टर मॅडमनी आपण होऊन कळवलं की ते आईबरोबर पाड्यावर परत गेलं. मी त्याला कधी पाहिलं नाही. पाहायला जावं असं अनेकदा वाटलं, पण गेले नाही.

पुढच्या वर्षी सुमीनं फॉर्म पहिल्याच दिवशी, जव्हारला माझ्या शेजारी बसून भरला आणि तिला प्रवेश मिळाला. आज ती नर्स आहे, ठाण्याकडे. त्या वर्षी तिचं कॉलेज सुरू व्हायला आठ दिवस होते तेव्हा आमच्या वरकस, उताराच्या जमिनीवरची नागली कापणीला आली होती. मी सुट्टी घेतली. सकाळचं दव अजून कणसांवर होतं, हात गार पडत होते. शेजारच्या उताराला खुरासणी होती आणि तिच्यावर मधमाश्यांचा एकसारखा आवाज. आई-बाबा खाली खाचरात. वर आम्ही दोघीच, एकेक ओळ धरून. वर्षभर मी योग्य वेळेची वाट बघत होते. आठ दिवसांनी ती जाणार, मग ती वेळ कधीच येणार नाही, हे मला तिथं एकदम कळलं.

"सुमे, तुला एक सांगायचा हाय."

"सांग ना."

मी सांगितलं. वाट कशी राखली, तीनला काम कसं संपलं, ती वाट कशी तशीच पडून राहिली, मी खाली जाऊन दोन चहा कसे घेतले, सगळं. अहवालात काय लिहिलं तेही. सुमी कापत होती. तिचा विळा थांबला नाही, फक्त सावकाश झाला.

"ता बाळ जगला?" तिनं विचारलं.

"जगला."

कणसांची एक मूठ तिनं टोपलीत टाकली.

"दोघांना जागा नव्हती कं?"

"होती," मी म्हटलं. "मना तवा करता आला नाय."

"आन् आथा?"

"आथा येतं."

"बेस." तिनं पुढची मूठ कापली. मग ओळीतून मान वर न करता म्हणाली, "तुला फोन लावला ना मी, तवा केंद्रात नव्हती. एस्टीत चढत होती. जव्हारला यायचा, तुझ्याकडं बसून भरायचा, असा ठरवला होता. तू थांब म्हणालीस म्हणून उतरली."

मी विळा खाली ठेवला. जव्हारला लाइन चालूच होती, आणि मोखाड्याहून जव्हारला एस्टी तासाभरात येते. एकची एस्टी. दोन, फार तर अडीच. पाच वाजायला किती तरी वेळ होता.

"वरीसभर बोलली नाय तू," मी कसंबसं म्हटलं.

"तू रोज कामावर जायचीस ना," सुमी म्हणाली. "सांगितला असता तं हात थरथरला असता तुझा."

आणि माझी राहिलेली ओळ तिनं आपल्या ओळीत घेतली.